‘जरा पिवळाधमक दाखवा की!’

सांगलीच्या गणपती पेठेत आमचं किराणा मालाचं दुकान आहे. आजोबांनी काढलेलं. गूळ, हळद, मिरची, बेदाणा हा मुख्य माल. उन्हाळ्यात त्यात पापडखाराची भर पडते आणि दिवाळीच्या तोंडावर पूर्वी खायच्या रंगाच्या डब्यांचीही पडायची. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो आणि वडिलांचे गुडघे गेल्यावर गल्ल्यावर बसलो, त्याला आता बावीस वर्षं झाली. बावीस वर्षांत गिऱ्हाईक गूळ कसा निवडतं ते रोज पाहत आलोय. गुळाचा रवा, म्हणजे छोटी ढेप, हातात घ्यायचा, उजेडाकडे धरायचा, नखानं थोडा खरवडायचा आणि म्हणायचं, “काका, हे काय काळं द्यायला लागलाय? जरा पिवळाधमक दाखवा की!”

गेल्या महिन्यात एका ताईंनी असाच पिवळाधमक गूळ निवडला. पिशवीत टाकला. मग मोबाइल पुढं केला आणि काळजीनं विचारलं, “हे बघा हो, बिस्किटाच्या पुड्यावर असले नंबर असले तर कॅन्सर होतो म्हणं. खरं का?” मोबाइलवर आकड्यांची लांबलचक यादी होती. त्या यादीत ३३० हा आकडा सगळ्यात वर, लाल अक्षरांत. त्या ताईंच्याच पिशवीत पन्नास ग्रॅम लिंबूफूल होतं. ३३० म्हणजे लिंबूफूल.

त्यांना मी तिथंच सांगितलं, पण गिऱ्हाइकांची रांग होती, नीट सांगता आलं नाही. तेच आज सविस्तर लिहितोय. अन्नात घातल्या जाणाऱ्या रसायनांबद्दल आपण घाबरतो हे बरोबरच आहे, घाबरायला कारणं आहेत. पण आपली भीती पुड्यावरच्या आकड्यांवर खर्च होते आणि ज्या मालावर आकडाच नाही, तो आपण डोळे मिटून, नव्हे, डोळे उघडे ठेवून आणि रंग पाहून घेतो. माझं म्हणणं असं की आपल्या भागातला खरा प्रश्न या रंग पाहून घेण्यात आहे, आणि तो सुटायचा असेल तर त्याची सुरुवात मार्केट यार्डातून झाली पाहिजे.

आधी आकड्यांचा गैरसमज बाजूला करू. पुड्यावर ‘आयएनएस’ म्हणून जे आकडे असतात ते त्या त्या पदार्थाचे हजेरीक्रमांक आहेत, गुन्हेगारांचे नव्हेत. देशोदेशी एका पदार्थाला दहा नावं असतात, म्हणून एक आकडा ठरवला गेला. ५०० म्हणजे खायचा सोडा. ३०० म्हणजे क जीवनसत्त्व, जे आवळ्यात असतं. आणि यादीत सुरुवातीलाच येणारा १०० नंबर कुणाचा? हळदीतल्या पिवळ्या रंगाचा, म्हणजे करक्युमिनचा. सांगलीच्या माणसानं १०० नंबरला भ्यायचं म्हणजे स्वतःच्या पेवालाच, हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यालाच, भ्यायचं.

३३० ची गोष्ट तर मुळापासून खोटी आहे. १९७६ च्या सुमारास फ्रान्समध्ये टाइप केलेलं एक पत्रक हातोहात फिरायला लागलं. विलज्यूइफ इथल्या कर्करोग रुग्णालयाचं नाव त्यावर घातलेलं होतं. त्या रुग्णालयानं आमचा याच्याशी संबंध नाही असं वारंवार सांगितलं, तरी पत्रक थांबलं नाही. त्यात सायट्रिक ॲसिडला, म्हणजे लिंबूफुलाला, सगळ्यात घातक ठरवलं होतं. असं का झालं असेल याचा एक अंदाज सांगितला जातो. शरीरात अन्नातून ऊर्जा तयार होण्याच्या ज्या साखळीत सायट्रिक ॲसिड असतं, तिला हान्स क्रेब्ज या शास्त्रज्ञाचं नाव आहे, आणि जर्मन भाषेत ‘क्रेब्ज’ म्हणजे कर्करोग. आडनावामुळं लिंबूफूल बदनाम झालं, आणि जवळपास पन्नास वर्षांनी तीच यादी मराठीत उतरून गणपती पेठेत आली.

अजिनोमोटोचंही बरंचसं तसंच. १९०८ मध्ये जपानच्या किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या सारातून ती चव देणारं द्रव्य, म्हणजे ग्लुटामेट, वेगळं काढलं. तोच ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत असतो, आईच्या दुधात असतो. काहींना रिकाम्या पोटी भरपूर खाल्ल्यावर डोकं जड वाटतं, हे होऊ शकतं. पण विष वगैरे ते नाही. चायनीजच्या गाड्यावर मला त्याच्यापेक्षा मिठाची आणि पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलाची काळजी जास्त वाटते.

म्हणजे सगळं आलबेल आहे का? नाही.

२००७ मध्ये इंग्लंडमधल्या साउदम्प्टन विद्यापीठानं तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला. मुलांना काही दिवस कृत्रिम रंग आणि सोडियम बेन्झोएट घातलेलं सरबत दिलं, काही दिवस तसंच दिसणारं पण त्यातलं काही नसलेलं. कुठल्या दिवशी कुठलं, हे ना मुलांना माहीत, ना आईवडिलांना. रंगाच्या दिवसांत मुलांची चळवळ वाढलेली आणि लक्ष उडालेलं आढळलं. परिणाम सरासरीनं लहान होता, सगळ्या मुलांत सारखा नव्हता, कुठल्या एका रंगामुळं हेही सांगता आलं नाही. तरी युरोपनं २०१० पासून नियम केला, की त्या सहा रंगांपैकी एक जरी घातला असेल तर ‘मुलांच्या हालचालींवर आणि लक्षावर प्रतिकूल परिणाम होऊ शकतो’ असं पुड्यावर छापायचं. टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोझिन आणि पॉन्सो हे त्या सहांतले चार रंग आपल्याकडे चालतात. तशी सूचना मात्र आपल्या पुड्यावर नसते.

एरिथ्रोसिन नावाचा गुलाबी रंग अमेरिकेनं सौंदर्यप्रसाधनांतून १९९० मध्ये काढला. तोंडाला लावायला नको, पण पोटात चालेल, असा विचित्र प्रकार तिथं पस्तीस वर्षं चालला. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी तो खाण्यातूनही काढायचा निर्णय घेतला. पांढरेपणासाठी वापरायचा टायटॅनियम डायऑक्साइड युरोपनं २०२२ मध्ये खाण्यातून बंद केला. पावाच्या पिठात घालायचं पोटॅशियम ब्रोमेट आपल्याकडेही २०१६ पर्यंत चालत होतं. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेनं ब्रेड-पाव तपासून ते दाखवून दिलं, तेव्हा कुठं त्याच वर्षी ते यादीतून गेलं. म्हणजे ‘परवानगी आहे’ हे आजचं मत असतं. ते उद्या बदलू शकतं, आणि बदललेलं आहे.

अशा वेळी दुकानदारानं आणि गिऱ्हाइकानं कसं ठरवायचं? मी स्वतःपुरता एक प्रश्न ठरवून घेतलाय. हे घातलंय ते कुणाच्या सोयीसाठी? सरबत आंबू नये, लोणच्याला बुरशी येऊ नये, म्हणून घातलेलं द्रव्य खाणाऱ्याच्याही कामाचं असतं. बुरशीची विषं काही कमी घातक नाहीत. नीट न सुकलेल्या बेदाण्यावर धरणारी बुरशी ऑक्रॅटॉक्सिन नावाचं जे विष सोडते ते मूत्रपिंडावर जातं. तेव्हा टिकवण्यासाठी घातलेल्या प्रत्येक गोष्टीला शिव्या देणं मला पटत नाही. रंगाचं तसं नाही. रंगानं पदार्थ टिकत नाही, पौष्टिक होत नाही, त्याला चवही येत नाही. रंग घालतात तो फक्त विकला जावा म्हणून. मग त्याच्याबद्दल थोडी जरी शंका निघाली, तरी शंकेचा फायदा रंगाला का द्यायचा? तो मुलाला मिळायला हवा.

आता आपल्या घरचा माल घेऊ.

तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज या पट्ट्यात फेब्रुवारी ते एप्रिल बेदाण्याच्या शेडवर माणसांना बोलायला फुरसत नसते. थॉम्पसन, सोनाका, माणिक चमन ही द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात. त्यानं सालीवरचं मेण सुटतं, पाणी लवकर उडतं. मग जाळीच्या रॅकवर, सावलीत, पंधरा-एक दिवस. असा बेदाणा नीट जमला तर हिरवट होतो. पण बाजाराला त्याहून पिवळा, सोन्यासारखा हवा असतो, म्हणून शेडला ताडपत्री बांधून गंधकाची धुरी देतात. गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो, तो फळात मुरतो आणि तपकिरी होण्याची क्रियाच थांबवतो. फळ कापून ठेवलं की काळं पडतं ना, तीच क्रिया.

ही काही सांगलीवाल्यांनी शोधलेली लबाडी नव्हे, जगभर चालते. पिवळ्या बेदाण्यात किलोला १५०० मिलिग्रॅमपर्यंत सल्फर डायऑक्साइड असलेला चालतो, अशी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. दुसरीकडे, माणसाच्या पोटात रोज किती गेलं तर चालेल याचाही एक जुना आंतरराष्ट्रीय आकडा आहे: वजनाच्या दर किलोमागं ०.७ मिलिग्रॅम. हे दोन आकडे शेजारी ठेवून कागदावर हिशेब केला तेव्हा मी बराच वेळ त्याकडे बघत बसलो. वीस किलोचं पोर धरा. त्याला दिवसाला १४ मिलिग्रॅम. बेदाण्यात मर्यादेपेक्षा कमी, समजा १००० मिलिग्रॅम आहे. म्हणजे एका ग्रॅमला एक मिलिग्रॅम. १४ ग्रॅम बेदाण्यात त्या पोराचा दिवसाचा वाटा संपला. १४ ग्रॅम म्हणजे लहान मुलाची एक मूठ, तीही पुरती भरलेली नाही. आणि हा कायद्यात बसणारा माल झाला.

एका दिवशी मूठभर जास्त खाल्ल्यानं निरोगी पोराला काही होत नाही, कारण तो आकडा आयुष्यभर रोज खाण्याचा असतो आणि त्यात पुष्कळ सूट धरलेली असते. भिजवून, शिजवून त्यातला काही भाग निघूनही जातो. पण सगळी पोरं निरोगी नसतात. माझ्या धाकट्याला दमा आहे. तो सात वर्षांचा असताना दुकानात येऊन बसला आणि बरणीतला पिवळा बेदाणा खात राहिला. अर्ध्या तासात छाती वाजायला लागली. मिरजेच्या डॉक्टरांनी वाफ दिली, मग शांतपणे विचारलं, “काय खाल्लं होतं?” मी सांगितलं, नुसता बेदाणा. ते म्हणाले, “नुसता कुठला? पिवळा होता ना?” दम्याच्या रुग्णांपैकी काहींना सल्फाइट, म्हणजे गंधकाच्या धुरीतून फळात मुरून राहतं ते द्रव्य, सोसत नाही हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. अमेरिकेनं १९८६ मध्ये कच्च्या खायच्या भाज्या-फळांवर सल्फाइट मारायला बंदी घातली, ती अशीच माणसं दगावल्यावर. हे सगळं मला माहीत होतं, आणि बरणी माझ्याच हातानं भरलेली होती. त्या रात्रीनंतर हा विषय माझ्यासाठी पुस्तकातला राहिला नाही.

आपल्या कायद्यानं किलोला १० मिलिग्रॅमच्या वर सल्फाइट असेल तर पुड्यावर तसं लिहायला लावलंय, ॲलर्जीच्या यादीत. चांगला नियम आहे. पण बेदाणा पुड्यात विकला जातो कुठं? तो विकला जातो माझ्यासारख्याच्या बरणीतून, कागदात बांधून. बरणीवर मी भाव लिहितो. त्यात काय आहे ते लिहायला मला कुणी सांगितलेलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी काय लिहिलं असतं? मला माल देणाऱ्यालाही ते ठाऊक नसतं.

गुळाचं असंच. गुऱ्हाळावर उभं राहून पाहिलं असेल त्याला ठाऊक आहे, की चांगला गूळ ही गुळव्याच्या डोळ्यांची आणि हाताची करामत असते. काहिलीत रस उकळायला लागला की रानभेंडीचा चिकट रस घालायचा, मळी वर येते, ती काढत राहायचं, चुना बेतानं टाकायचा. यातून जो गूळ होतो त्याचा रंग उसाच्या जातीवर आणि जमिनीवर ठरतो. कृष्णाकाठच्या खारवट झालेल्या जमिनीतल्या उसाचा गूळ काळसरच होणार. पण बाजारात काळसर गुळाचा दर पडतो. मग हायड्रॉस येतं, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. कपड्यांचा रंग उडवायला वापरतात तीच पावडर. काहिलीत टाकली की डोळ्यांदेखत रस उजळतो. मोजमाप? ओंजळ. वाईट याचं, की हा उजळपणा टिकत नाही. काही आठवड्यांत गूळ पुन्हा काळवंडतो, पाणी सुटतं. म्हणजे सल्फाइट पोटात गेलं ते गेलंच, आणि ज्या रंगासाठी घातलं तो रंगही गेला.

मोजमापाचा मुद्दा जरा उलगडून सांगतो, कारण सगळ्या विषयाची गोम तिथं आहे. मिठाईत कृत्रिम रंगाची कायदेशीर मर्यादा किलोला १०० मिलिग्रॅम आहे. सनसेट यलोचा रोजचा चालेल असा आकडा वजनाच्या किलोमागं ४ मिलिग्रॅम. पंधरा किलोच्या पोराला ६० मिलिग्रॅम. मर्यादेत रंग घातलेली जिलेबी असेल तर तेवढा रंग पोटात जायला ६०० ग्रॅम जिलेबी खावी लागेल, तीही रोज. म्हणजे नियम पाळला तर भीती फारशी नाही. पण १०० मिलिग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहावा भाग. माझ्या दुकानातल्या काट्याला एक ग्रॅमच्या खाली काही दिसत नाही. उरुसात कढईपुढं बसलेल्या माणसाकडे तर काटाच नसतो. डबी असते आणि चिमूट असते. लखनौची भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था या रंगांचा वर्षानुवर्षं मागोवा घेत आली आहे. बंदी असलेले रंग कमी होत गेले तरी परवानगीचे रंगच मर्यादेपलीकडे वापरले जातात, असं तिथल्या अभ्यासातून दिसलंय. कढईवाला दुष्ट आहे म्हणून नव्हे. जो नियम पाळायला प्रयोगशाळेतला काटा लागतो, तो नियम आपण चुलीपुढं बसलेल्या माणसावर सोडून दिलाय. तीन वर्षांपूर्वी मी रंगाच्या डब्या विकायचं बंद केलं, ते याच कारणानं. त्याआधी एकोणीस दिवाळ्या मी त्या विकल्या.

शेजारच्या कर्नाटकानं मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियनमधले कृत्रिम रंग आणि साखरेच्या कापसातला ऱ्होडामाइन-बी यांच्यावर बंदी जाहीर केली. त्याआधी महिनाभर पुदुच्चेरी आणि तमिळनाडूनं गुलाबी कापूसच बंद केला होता. ऱ्होडामाइन-बी हा कापड रंगवायचा रंग आहे, खाण्यात तो कुठंच चालत नाही. इथं एक फरक नीट लक्षात ठेवायला हवा. परवानगीचा पदार्थ मापाबाहेर घालणं वेगळं आणि मुळात अन्नच नसलेली वस्तू अन्नात घालणं वेगळं. पहिला प्रश्न मापाचा, दुसरा सरळ भेसळीचा. पण दोन्हींच्या मागं उभी राहणारी गरज एकच असते, आणि ती गरज कुठवर नेते हे मला हळदीच्या एका गोष्टीवरून कळलं.

गोष्ट बांगलादेशातली आहे. तिथं १९८० च्या दशकात मोठा पूर आला. हळद भिजली, काळपट पडली. गिऱ्हाइकाला पिवळी हवी होती. तेव्हा कुणीतरी लेड क्रोमेट वापरलं, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, जो यंत्रांवर आणि फर्निचरवर मारतात. गड्डे पॉलिश करताना तो चोळला की हळद झळकते. पूर ओसरला, पण सवय राहिली. तीस-पस्तीस वर्षं राहिली. गावाकडच्या गरोदर बायकांच्या रक्तात शिसं कुठून येतंय याचा शोध घेता घेता स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि ढाक्याची आयसीडीडीआर,बी ही आरोग्य-संशोधन संस्था २०१९ मध्ये हळदीपाशी येऊन थांबली. शिसं मुलांच्या मेंदूवर जातं, आणि त्याचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही.

मी हे वाचलं तेव्हा हरिपूरची पेवं डोळ्यांपुढं आली. २००५ च्या पुरात त्या पेवांत पाणी शिरलं, हळद गेली, बरीचशी पेवंही गेली. २०१९ ला आणि २०२१ ला कृष्णा पुन्हा पेठेत आली. माझ्या दुकानात छातीएवढं पाणी होतं. सांगलीच्या हळदीत कुणी शिसं घातलं असं मी अजिबात म्हणत नाही. २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, ते इथल्या शेतकऱ्यांच्या पिढ्यांच्या कष्टानं. मला इतकंच दिसतं, की भिजलेला माल, पडलेला रंग आणि ‘पिवळी दाखवा’ म्हणणारं गिऱ्हाईक या तिन्ही गोष्टी आपल्याकडेही आहेत. पुरात भिजलेली हळद असो की अवकाळी पावसात सापडलेला बेदाणा, काळवंडलेला माल घेऊन सौद्याला उभा राहिलेला माणूस किती अडचणीत असतो हे पाहिलं की, त्याच्या हातात कुणी एखादी पुडी दिली तर तो नाही म्हणेल अशी अपेक्षा धरणं मला अवघड जातं.

पण बांगलादेशाची गोष्ट इथं संपत नाही, आणि तिचा पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तिथल्या अन्नसुरक्षा खात्यानं हातात धरायचं क्ष-किरण यंत्र घेऊन घाऊक बाजारात जायला सुरुवात केली. मालावर यंत्र धरलं की काही क्षणांत शिसं कळतं. दोषी व्यापाऱ्यांना जागेवर दंड झाला, माल जप्त झाला, बातम्या आल्या, बाजारात पत्रकं लागली. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडत होतं. २०२१ मध्ये एकाही नमुन्यात सापडलं नाही. तीस वर्षांची सवय दोन वर्षांत गेली, आणि ती घरोघर प्रबोधन करून गेलेली नाही. सौदा होतो तिथं यंत्र नेल्यानं गेली.

म्हणून माझी मागणी मार्केट यार्डाकडे आहे. बेदाण्याच्या आणि गुळाच्या सौद्यात आज माल पाहतात तो रंग, आकार आणि गोडी. त्यात सल्फर डायऑक्साइडचा आकडा आला पाहिजे. त्याची चाचणी अवघड नाही, बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत आम्ही तसली टायट्रेशनं करत होतो. परदेशी जाणाऱ्या मालाची तपासणी आजही होते. घेणारा देश ती मागतो. म्हणजे आपल्याला ती येत नाही असं नाही. आपण आपल्या पोरांसाठी ती मागत नाही. प्रत्येक लॉटची शक्य नसेल तर रोज काही लॉट चिठ्ठ्या टाकून काढा, निकाल यार्डातल्या फळ्यावर दराशेजारी लिहा. अडत्याला आकडा कळला की तो मला देईल, मला कळला की मी बरणीवर लिहीन. मग दमेकरी मुलाची आई स्वतः ठरवेल.

दुसरी गोष्ट भाषेची. पुड्यावरचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असला की कायद्याचं समाधान होतं, मराठी ऐच्छिक. जत-आटपाडीच्या आजीनं ‘परमिटेड सिंथेटिक फूड कलर’ हे मुंगीएवढ्या अक्षरांतलं इंग्रजी वाचून नातवाला काय द्यायचं ते ठरवायचं का? महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या पुड्यावर घटकांची यादी मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत हवी, आणि रंगाबद्दलची सूचना युरोपातल्या मुलांना मिळते तशी आपल्याही मुलांना मिळायला हवी. खरी माहिती मराठीत मिळत नाही म्हणूनच खोटी यादी मराठीत इतक्या जोरात फिरते.

यावर मला एक आक्षेप ठाऊक आहे, तो माझ्याच गिऱ्हाइकांतल्या एका बागायतदार बापूंनी घेतलाय. ते म्हणाले, “तुम्ही आकडा लिवणार, गिऱ्हाईक भिणार, आन् दर पडणार आमचा. द्राक्षाचं वरीस कसं जातंय तुमास्नी काय ठावं?” त्यांचा राग खोटा नाही. तपासणीचा भार शेतकऱ्याच्या डोक्यावर गेला तर ती त्याच्यावरची आणखी एक वसुली होईल. खर्च बाजार समितीनं सेसमधून करावा, त्यासाठीच तो घेतला जातो. पण बापूंना मी उलट विचारलं, गंधकाचा खर्च कुणाचा? धुरीच्या वेळी शेडमध्ये डोळे आणि छाती कुणाची जळते? त्यांच्या शेडवर काम करणाऱ्या बायकांची. रंगाला भाव आहे तोवर हे सगळं शेतकऱ्याला स्वतःच्या पैशानं करावं लागणार. कमी गंधकाचा तपकिरी बेदाणा नीट सुकवला, शीतगृहात ठेवला, तर तो चांगला टिकतो. त्याला फक्त दर नाही.

आणि दर का नाही, तर आपल्याला तसा डोळा लागलाय. डोळा बदलता येतो. साताऱ्याचा कंदी पेढा घ्या. खवा चांगला खरपूस भाजल्याशिवाय तो तपकिरी रंग येत नाही, तो वास येत नाही. साताऱ्याला गेलेला माणूस दुकानात ‘पांढराशुभ्र कंदी पेढा दाखवा’ असं कधी म्हणाला आहे का? तिथं तपकिरी रंगालाच आपण भाजल्याची खूण मानतो आणि त्याचे पैसे आनंदानं देतो. गुळाचा तपकिरीपणासुद्धा असाच चुलवाणावर आलेला आहे.

बापू मागच्या हंगामात पन्नास किलो धुरी न दिलेला बेदाणा माझ्याकडे टाकून गेले. “बघा, खपतोय का ते,” म्हणाले. मी त्याची बरणी पिवळ्याच्या शेजारी, डोळ्यांच्या उंचीवर ठेवली आणि चिठ्ठी लावली: ‘गंधकाची धुरी नाही. रंग असाच असतो.’ पहिल्या महिन्यात चार किलो गेला. चिठ्ठी वाचून लोक थांबत, विचारत आणि पिवळाच घेत. मग दम्याच्या मुलांच्या आया यायला लागल्या, एकीनं दुसरीला सांगितलं म्हणून. दिवाळीपर्यंत पोतं संपलं. मोबाइलवर यादी दाखवणाऱ्या ताई परवा पुन्हा आल्या होत्या. त्यांनी दोन्ही बरण्यांतला एकेक दाणा मागून घेतला, खाऊन पाहिला, आणि विचारलं, “ह्यो काळा जास्त गोड कसा काय लागतोय हो?”